टी-शर्टांची वाकळ: आतून काय लावायचं?



गेल्या वर्षी आषाढात माझी वहिनी इचलकरंजीहून सांगलीला आमच्याकडे आली, ती एक मोठी बॅग घेऊन. जेवण झालं, दुपारभर इकडचं तिकडचं बोलणं झालं, बॅग तशीच दाराजवळ. मीही विचारलं नाही. निघताना चप्पल घालता घालता ती म्हणाली, "ताई, यात त्याचे टी-शर्ट आहेत. वाकळ होते का बघा." आणि एसटी चुकेल म्हणून पटकन जिना उतरली.

'त्याचे' म्हणजे माझ्या भाच्याचे. आदल्या वर्षी वैशाखात तो अपघातात गेला. २४ वर्षांचा होता. त्याबद्दल इथे एवढंच लिहिते.

वाकळ मला नवी नाही. आईच्या हाताखाली शिकले, लग्नानंतर सासूबाईंच्या साड्यांच्या शिवल्या, दोन्ही नाती झाल्यावर त्यांच्यासाठी दुपटी शिवली. पण टी-शर्टांची वाकळ कधी शिवली नव्हती. वहिनीने ती अमेरिकेतल्या एका नातेवाइकांकडे पाहिली होती. तिकडे गेलेल्या माणसाचे टी-शर्ट चौकोनी कापून, त्यांवरची चित्रं आणि अक्षरं दिसतील अशी गोधडी करतात.

खरं सांगते, पहिले आठ दिवस मी बॅग उघडली नाही. अडचण शिवणाची नव्हती. आपल्यात श्राद्ध नाही, पिंड नाही. देह सुटताक्षणी जीव आपल्या कर्माप्रमाणे पुढच्या गतीला निघून जातो, मागे घुटमळत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. अन्यत्व भावना म्हणताना देहसुद्धा आपला नाही असं चिंतन करतो, मग देहावरचा टी-शर्ट कुणाचा? आपले मुनिमहाराज अंगावर सुताचा धागाही ठेवत नाहीत, आणि मी इथे पोराच्या कपड्यांना जन्मभर टिकेल असं रूप द्यायला बसणार. हे वहिनीला सोडवणं आहे की अडकवणं?

दादाला फोन केला. तो म्हणाला, "मी तिला म्हटलं होतं, सगळे देऊन टाकू. कारखान्यातल्या पोरांना होतील. कपडा वापरात असावा." त्यात कडवटपणा नव्हता. त्याचं म्हणणं पटत होतं, आणि वहिनीचा चेहराही डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रहाची व्याख्या आहे. ती वस्तू किती आहेत यावर केलेली नाही, मूर्च्छेवर केली आहे. ते आठवलं तेव्हा मला थोडी वाट दिसली. कपाटावर ठेवलेली बंद बॅग, जी वहिनी रोज रात्री उतरवून बघत होती, तीही मूर्च्छाच होती. श्रावकाला सगळं सोड असं कुणी सांगितलेलं नाही, परिमाण कर असं सांगितलं आहे. म्हणून मी बॅग उघडली, मोजले, एकूण ३१ टी-शर्ट निघाले. वहिनीला फोन करून म्हटलं, "वहिनी, १२ ठेवू. कुठले ते तुम्ही ठरवा. बाकीचे १९ दादा म्हणतो तसे द्यायचे. चालेल?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बॅग परत पाठवा."

तीन आठवडे लागले तिला. मग एका रविवारी दादाच निवडलेले टी-शर्ट घेऊन आला. पिशवीत ११ होते. "बारावा नंतर देते म्हणाली," असं त्याने सांगितलं. मी काही विचारलं नाही.

टी-शर्ट टेबलावर ठेवले तरी दादाने त्यांना हात लावला नाही. शेजारी माझी जुनी सुती साडी पडली होती, ती उचलून तो कापडाबद्दल बोलायला लागला. त्याचं सगळं आयुष्य मागांच्या आवाजात गेलंय. "हे बघ," तो म्हणाला, "साडी मागावरची. उभा ताणा, आडवा बाणा, दोन्ही एकमेकांना धरून असतात. सरळ ओढ, हलत नाही. होजिअरीत ताणा-बाणा नसतो, फासे असतात. सुई स्वेटर विणते तसे. फासा ओढला की लांबतो. हे तू साडीसारखं शिवायला गेलीस तर हातात लाट येईल."

त्याचं बोलणं अगदी खरं होतं. साडीच्या वाकळीला आतून काही लावावं लागत नाही, थरावर थर ठेवून धावदोरा घातला की झालं. टी-शर्टचा चौकोन मात्र कापल्याबरोबर कडेने गुंडाळायला लागतो. १५ इंचांचा कापावा तर मशीनच्या दाबपट्टीखालून जाताना १६ इंचांचा होतो. शेजारचा चौकोन तेवढा ताणला जात नाही, मग शिवण वेडीवाकडी होते आणि मधे पोळे येतात. म्हणून टी-शर्टच्या उलट्या बाजूला आधाराचं एक कापड लावतात. इंग्रजीतून त्याला इंटरफेसिंग म्हणतात. आपल्याकडे शिंपी त्याच्या प्रकाराप्रमाणे बकरम, कॅनव्हास, पेस्टिंग किंवा फ्यूजिंग म्हणतात. त्यातलं कुठलं लावायचं यावर वाकळ कशी होणार ते ठरतं, हे मला चार वेळा चुकल्यावर कळलं. तुमचे हाल होऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहिते.

मी भाच्याचे टी-शर्ट कापण्याआधी आमच्या ह्यांचा एक जुना टी-शर्ट घेतला आणि त्याचे चार तुकडे केले. प्रत्येकाला वेगळं काही लावलं आणि प्रत्येक तुकडा तीन वेळा धुतला.

पहिलं घरात होतं तेच, बकरम. कॉलर, पट्टा, पर्सचा तळ यांसाठी ते उत्तम. टी-शर्टला लावल्यावर तुकडा पुठ्ठ्यासारखा उभा राहिला. तो बाजूलाच ठेवला.

दुसरं पेपर फ्यूजिंग. दिसायला कागदासारखं पांढरं, एका बाजूला डिंकाचे बारीक ठिपके. शिवणाच्या सामानाच्या दुकानात सगळीकडे मिळतं आणि स्वस्त असतं. त्याला ताणा-बाणा नसल्यामुळे कसंही कापता येतं, आणि लावल्यावर टी-शर्ट इतका शहाणा होतो की कापायला-शिवायला काही त्रासच नाही. मला वाटलं, मिळालं! पण धुतल्यावर घडीच्या जागी रेघा उमटल्या, त्या गेल्याच नाहीत. एका कोपऱ्यात डिंक सुटून फुगा आला. हातात चुरगाळला की कागदासारखा बारीक आवाज येत होता.

तिसरं सुती विणीचं फ्यूजिंग. हे खरं कापडच असतं, एका बाजूला डिंक असलेलं. मजबूत. ह्याने टी-शर्टचा ताण पूर्ण बंद होतो. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवायच्या. सुती असल्यामुळे ते आटतं, म्हणून आधी कोमट पाण्यात भिजवून, न पिळता, नुसतं निथळत वाळवायचं. त्यावर इस्त्री फिरवायची नाही, नाहीतर डिंक तिथेच वितळेल. आणि टी-शर्टच्या उभ्या धारेला ह्याची उभी धार जुळवायची. मी पहिल्यांदा न भिजवता लावलं, तर धुतल्यावर आतलं कापड आटलं आणि वरचा टी-शर्ट सुरकुतला. भिजवून लावलेला तुकडा चांगला राहिला, पण हाताला शर्टाच्या कफासारखा लागायचा. बारा चौकोनांना लावलं असतं तर वाकळ जडही झाली असती.

चौथं सांगलीत मला मिळालं नाही. दादाच्या ओळखीच्या एका रेडिमेड कपडे शिवणाऱ्यांकडून त्याने आणून दिलं. हे फ्यूजिंग स्वतःच होजिअरीसारखं फाशांचं विणलेलं असतं. ट्रायकॉट म्हणून मागायचं. पातळ, मऊ, ओढणीसारखं सुळसुळीत. एका दिशेला ताणलं जातं, दुसऱ्या दिशेला फारसं नाही. इथेच खुबी आहे. टी-शर्ट आडवा जास्त ताणतो, म्हणून ह्याची ताणणारी बाजू उभी ठेवायची. म्हणजे टी-शर्ट जिथे सैल, तिथे फ्यूजिंग घट्ट. दोघं मिळून चौकोन जागेवर राहतो आणि तरी मऊ राहतो. तीन धुण्यांनंतरही तो तुकडा मी गालाला लावून पाहिला, तर टी-शर्टच लागला.

आता यातलं चांगलं कुठलं? तसं सरळ उत्तर नाही. भिंतीवर लावायचं असेल किंवा उशीचा अभ्रा करायचा असेल तर पेपर फ्यूजिंग पुरतं, चित्र ताठ आणि स्वच्छ दिसतं. रोजच्या धोपटण्याला टिकायचं असेल आणि जडपणा चालणार असेल तर सुती. अंगावर घ्यायची असेल तर ट्रायकॉट. म्हणून फ्यूजिंग आणायला जाण्याआधी जिच्यासाठी शिवायचं तिला विचारा. मी वहिनीला विचारलं, "वहिनी, ही भिंतीवर लावायची की पांघरायची?" ती म्हणाली, "भिंतीवर फोटो आहे की. पांघरायची."

त्या उत्तराने माझ्या मनातला अर्धा प्रश्न सुटला. पांघरायची म्हणजे ती वापरली जाणार, धुतली जाणार, विटणार, एक दिवस फाटणारही. वहिनीला हे मान्य होतं. जपून ठेवायचं असतं तर मी पेपर फ्यूजिंग लावलं असतं.

प्रत्यक्ष काम असं केलं. सगळे टी-शर्ट आधी धुतले. पाणी नेहमीप्रमाणे गाळून घेतलं. कपडे मऊ करणारं द्रव घातलं नाही, कारण त्याने डिंक नीट धरत नाही. मग पहिल्यांदा बाह्या कापल्या आणि त्या नावं लिहून वेगळ्या ठेवल्या. बाही टाकू नका, कुठल्या टी-शर्टला इस्त्री किती सोसते ते तिच्यावरच कळतं. चित्र मधोमध धरून साधारण १७ इंचांचा ओबडधोबड चौकोन कापला. फ्यूजिंगचा तुकडा १६ इंचांचा, म्हणजे टी-शर्टपेक्षा जरा लहान, नाहीतर बाहेर आलेला डिंक इस्त्रीच्या फळीला चिकटतो. लावून गार झाल्यावर शेवटी नेमका १५ इंचांचा कापला. आधी नेमका कापून मग फ्यूजिंग लावायला गेलात तर ताणलेलाच चौकोन कायमचा पक्का होईल.

हिशेबही सांगते. फ्यूजिंगचा पन्हा ३६ इंच असेल तर आडवे दोन चौकोन बसतात. १२ चौकोनांना सहा ओळी, म्हणजे ९६ इंच, अडीच मीटरला थोडं कमी. तीन मीटर आणा, चुकायला जागा राहते.

इस्त्री फिरवायची नाही. ठेवायची, दाबायची, उचलायची, शेजारी ठेवायची. फिरवली की मऊ झालेला फासा इस्त्रीबरोबर सरकतो. एका जागी दहा-पंधरा सेकंद, बाकी फ्यूजिंगवर लिहिलं असेल तसं. दाबून झाल्यावर पूर्ण गार होईपर्यंत उचलायचं नाही, गरम असताना डिंक अजून ओलाच असतो. आणि छापील चित्रावर वरून कधीही इस्त्री नको. रबरासारखं चित्र असेल तर खाली बटर पेपर घालून, चित्र पालथं ठेवून, उलट्या बाजूने दाबायचं.

या बेताने सात चौकोन सुरेख झाले. शाळेच्या शिबिराचा पिवळा. कॉलेजच्या संमेलनाचे दोन. २०१८ च्या श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकाला तो कॉलेज बुडवून स्वयंसेवक म्हणून गेला होता, त्याचा पांढरा. तो टी-शर्ट पाहिला की मला त्याचा फोन आठवतो. "आत्या, हजारो पायऱ्या नाहीत गं, पण पाण्याच्या कळशा घेऊन चढलं की हजार वाटतात," म्हणाला होता.

आठवा चौकोन त्याच्या फुटबॉलच्या जर्सीचा होता. कोल्हापूरला शिकायला होता, तेव्हा पेठांच्या फुटबॉलचं वेड लागलं होतं. शाहू स्टेडियमवर सामना असला की घरी यायचा रविवार चुकायचा. जर्सी पॉलिएस्टरची. सात चौकोन बिनचूक झाल्यामुळे माझा हात धीट झाला होता. बाहीवर करून बघायचं मी इतरांना सांगते, पण त्या दिवशी स्वतः बघितलं नाही. सुतीसाठी लावलेली इस्त्री तशीच खाली टेकवली.

उचलली तेव्हा कोपऱ्यात दोन बोटं जागा आकसून चकाकत होती.

मी इस्त्री बंद केली आणि खाली बसले. फाटलेलं शिवता येतं, डाग काढून बघता येतो. जळलेलं परत येत नाही, आणि तो टी-शर्टही दुसरा मिळणार नव्हता. संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताआधी करायचं असतं, त्या दिवशी मला घासच गेला नाही. मग वहिनीला फोन लावला. लपवून चौकोन जरा लहान कापता आला असता, पण पर्युषण आठ दिवसांवर होतं, आणि आर्जवाच्या दिवशी मी देवासमोर काय तोंड घेऊन बसणार होते?

"वहिनी, जर्सी माझ्याकडून थोडी जळली."

ती गप्प. मग, "कुठला कोपरा?"

"डावा. खालचा."

"नंबर राहिलाय ना?"

"राहिलाय."

"मग चालेल," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "त्याने पण एकदा इस्त्रीने शर्ट जाळला होता. माझ्यापासून लपवला होता."

पहिल्यांदाच ती त्याच्याबद्दल सहज काही बोलली.

तेव्हापासून पॉलिएस्टरला माझा नियम असा: सगळ्यात कमी उष्णता, वर सुती कापड, आधी बाहीवर, आणि कमी उष्णतेवर चिकटेल असंच हलकं फ्यूजिंग. तेही धरत नसेल तर डिंकाचा हट्ट सोडायचा आणि मऊ सुती कापड हाताने टाचून घ्यायचं.

दशलक्षण पर्वात मी मशीनला हात लावला नाही. त्यागाच्या दिवशी दादाने ते १९ टी-शर्ट धुऊन, घड्या करून कारखान्यात नेऊन दिले. वहिनीने त्यांच्या घड्या केल्या, एवढं मला नंतर कळलं.

बारावा टी-शर्ट अजून आला नव्हता. तो कुठला ते मला माहीत होतं. राखाडी रंगाचा, घरात घालायचा. त्याने शेवटच्या रात्री घालून सकाळी खुर्चीवर टाकलेला. वहिनीने तो न धुता प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला होता. त्यात त्याचा वास होता. शिवणाच्या बाजूने पाहिलं तर न धुतलेल्या कपड्याला फ्यूजिंग लावू नये. अंगाचं तेल कापडात असलं की डिंक धरत नाही, आणि इस्त्रीच्या उष्णतेने डाग कायमचे बसतात. पण हे कोणत्या तोंडाने सांगणार? मी ११ चौकोन जोडायला घेतले आणि बाराव्याची जागा मोकळी ठेवली.

क्षमावणीच्या दुसऱ्या दिवशी वहिनी स्वतः आली. एकमेकींना उत्तम क्षमा म्हणून झालं. मग तिने पर्समधून घडी केलेला राखाडी टी-शर्ट काढून माझ्या हातात दिला. धुतलेला होता.

"पिशवी उघडली पर्युषणात," ती म्हणाली. "दोन पावसाळे झाले ना. बुरशी धरली होती. त्याचा वास नव्हताच, ताई. नुसता कुबट वास." थांबून म्हणाली, "मीच जीवांचं घर करून ठेवलं होतं. गाळलेल्या पाण्यात धुतला, उन्हात वाळवला. ठिपके राहिलेत थोडे."

मी तिला पाणी दिलं. दुसरं काय देणार?

त्या टी-शर्टला मी डिंक लावला नाही. एक कारण साधं होतं, इस्त्रीने बुरशीचे ठिपके पक्के झाले असते. दुसरं कारण मी तिला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. कर्मबंध समजावताना आपल्याला लहानपणी सांगतात, ओल्या किंवा तेलकट कपड्याला धूळ चिकटते तसं कषायाने कर्म चिकटतं, कोरड्या कपड्यावरची धूळ झटकली की जाते. दोन महिने चिकटवण्याचंच काम केल्यावर मला ते रोज आठवत होतं. या एका चौकोनाला तरी चिकटवायला नको असं वाटलं. वहिनीच्याच एका विरलेल्या सुती साडीचा तुकडा घेतला, मागे ठेवला, आधी मोठे कच्चे टाके घातले, मग दीड-दीड इंचावर आडव्या ओळींनी बारीक धावदोरा. त्याने फासे ताणत नाहीत. वेळ लागतो, पण कापड श्वास घेतल्यासारखं मऊ राहतं. ज्या टी-शर्टला उष्णता सोसत नाही, त्याला ही जुनीच रीत बरी. आपल्या आज्यांकडे फ्यूजिंग कुठे होतं!

पुढचं काम भराभर झालं. चार ओळी, प्रत्येकीत तीन चौकोन. शिवण अर्ध्या इंचाची, कारण होजिअरीला पाव इंचाची शिवण धोक्याची. सुई होजिअरीची, गोल टोकाची, म्हणजे फासा तुटत नाही, बाजूला सरकतो. कडेने सहा इंचांची निळ्या सुती कापडाची पट्टी, दादाच्या मागावरची. आत कापसाचा पातळ थर, कारण टी-शर्टांचंच वजन बरंच होतं. लोकर नाही आणि रेशीम तर आपण वापरतच नाही. मागे वहिनीच्या दोन सुती साड्या जोडून. तयार वाकळ ५४ बाय ६८ इंचांची झाली. शिवण सगळं दिवसा उजेडी, पावसाळ्यात दिव्याखाली बसलं की किडे येतात आणि मशीनखाली सापडतात.

मी केलं ते बरोबर का, हा प्रश्न मी माताजींना विचारायचा असं ठरवलं होतं. विचारला नाही. वहिनी आता रोज रात्री बॅग उतरवत नाही, कारण बॅगच नाही. ३१ चे १२ झाले, बाराची एक वस्तू झाली. मूर्च्छा कमी झाली का ते तिचं तिला माहीत. माझ्यापुरतं एवढं कळलं की आतून आधार लावायचा तो वस्तू वापरता यावी इतकाच. जास्त लावला की ती ताठ होते आणि मग फक्त बघण्याची राहते.

माघात इचलकरंजीला गेले होते. दुपारचे दोन वाजले असतील. दादा रात्रपाळी बघून आला होता आणि वाकळ डोक्यावरून घेऊन झोपला होता. निळ्या पट्टीतून पाय बाहेर. सगळे देऊन टाकू म्हणणारा तोच. वहिनी हळू आवाजात म्हणाली, "रोज हेच पांघरतात. मला कुठली मिळते?"

मी जवळ जाऊन पाहिलं. तोवर दोन वेळा धुतली होती. संमेलनाच्या एका चौकोनात कडेला बोटाएवढा फुगा आला होता, तिथला डिंक सुटला होता. माझे हात शिवशिवले. म्हटलं, "उठला की इस्त्री आणा, एका मिनिटात बसवते."

"राहू दे," वहिनी म्हणाली. "झोपू दे त्यांना."

जय जिनेंद्र.